बाजारातला बांगडा प्रयोगशाळेत का नको?

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
प्राणिशास्त्र अभ्यास मंडळ

सन्माननीय सदस्यहो,
सप्रेम नमस्कार.

यंदाच्या परिपत्रकात आपण पदवीच्या प्राणिशास्त्र प्रात्यक्षिकांतून बाजारातल्या मासळीवरचा सगळा भाग काढून टाकलात. बांगड्याचे कल्ले, कोळंबीची उपांगं, म्हाकुलाची अंतर्रचना, ढोम्याच्या कानातला खडा, सगळंच गेलं. त्या जागी एक ओळ आली : ‘छायाचित्रे अथवा संगणकीय प्रणालीच्या साहाय्याने अभ्यास’. कारण दिलंय ‘प्राणिविच्छेदनावरील बंदीस अनुसरून’. सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यालगतच्या एका महाविद्यालयात मी हा विषय शिकवते. विभागामार्फत लिहिलं, प्राचार्यांमार्फत लिहिलं. पोच मिळाली, उत्तर आलं नाही. म्हणून आता सगळ्यांच्या देखत लिहिते आहे. पालकांनी हे वाचावं, आणि मासळी बाजारात बसणाऱ्या बायकांनीही वाचावं, कारण पुढे त्यांचाही विषय येणार आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, म्हणजे पत्र अर्धवट वाचून कोणी अंगावर येणार नाही. मला बेडूक परत नको आहे. उंदीर नको, सरडा नको, जिवंत काहीच नको. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ साली प्राणिविच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करायला सांगितलं आणि २०१४ साली प्राणिशास्त्राच्या पदवी-पदव्युत्तर अभ्यासक्रमांतून ते थांबवलं. तो निर्णय योग्यच होता, आणि खरं तर उशिरा झाला. बेडूक प्रयोगशाळेच्या टेबलावर आला तो काही फार विचारांती आला नव्हता. १८७० च्या दशकात लंडनमध्ये थॉमस हक्स्ली यांनी शिक्षकांसाठी प्रात्यक्षिकांचे वर्ग सुरू केले. प्रत्येक गटातला एक नमुन्याचा प्राणी घ्यायचा आणि तो उघडून शिकायचा, अशी रीत तिथून रुळली. बेडूक मुबलक, स्वस्त आणि हाताळायला सोपा, म्हणून तो त्या यादीत कायमचा बसला. ती यादी इंग्रजांबरोबर आपल्याकडे आली आणि आपण ती पिढ्यान्‌पिढ्या चालवली. पहिल्या पावसात भातखाचरात डरांव डरांव करणारे पिवळेधमक बेडूक पोत्यात भरून महाविद्यालयांच्या मागच्या दाराने आत यायचे, हे आपल्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाने पाहिलं असेल. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात देशाने १९८७ साली बंद केली, तरी प्रयोगशाळांची मागणी चालूच होती.

आज तर तो विचारही करवत नाही. आमच्या जिल्ह्यात आंबोलीच्या सड्यावर राहणारा एक चिमुकला भेक, ज्याला आंबोली टोड म्हणतात, २००९ साली विज्ञानाला नव्याने कळला आणि आज तो अतिसंकटग्रस्तांच्या यादीत आहे. बेडूक शिकायचा तर जूनमध्ये रात्री आंबोलीला जाऊन, टॉर्च लावून, आवाज ऐकून शिकावा. मी मुलांना तसाच शिकवते.

पण बाजारातला बांगडा म्हणजे बेडूक नव्हे. तो प्रयोगशाळेसाठी कोणी मारलेला नाही. तो पहाटे होडीतून उतरला, लिलावात गेला, पाटीत आला आणि दुपारपर्यंत कोणाच्या तरी कालवणात जाणार आहे. त्यातला एक, किंवा खरं तर त्याचं फेकून दिलेलं डोकं आणि आतडी, आमच्या ट्रेमध्ये आली तर एकाही जास्तीच्या जिवाचा बळी जात नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातलं सतरावं कलम शाळा-महाविद्यालयांबद्दल काय सांगतं ते आपण जाणताच : पुस्तकं, प्रतिकृती, चित्रफिती यांनी तेवढंच काम होत असेल तर प्राण्यांवरचे प्रयोग टाळावेत. प्राण्याला होणारा त्रास टाळणं हा त्या कायद्याचा हेतू आहे. बर्फातल्या मेलेल्या बांगड्याला आता आम्ही कसला त्रास देणार? रसेल आणि बर्च या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५९ साली प्रयोगांतल्या प्राण्यांबद्दल तीन तत्त्वं मांडली : पर्याय शोधा, संख्या घटवा, त्रास कमी करा. खाण्यासाठी आधीच मेलेला मासा हा त्यातल्या पहिल्या तत्त्वाचाच नमुना आहे. आपण मात्र बंदीच्या नावाखाली तिचा पर्यायही त्याच परिपत्रकात गाडून टाकलात.

यात माझं काय जातं, तेही सांगते. माझी आई मालवणच्या बाजारात मासे विकायची. घरी आडाळ्यावर (विळीवर) मासा कापताना ती आमच्याशी बोलत असायची, लक्ष भलतीकडे, आणि बोटं पित्ताची पिशवी न फोडता अलगद बाजूला काढायची. ती फुटली तर सगळं कालवण कडू. यकृताला चिकटून पित्ताशय कुठे असतं, हे मला महाविद्यालयात कोणाला शिकवावं लागलं नाही. माझ्या वर्गात आजही अशीच मुलं येतात. सुट्टीत रापणीचे दोर ओढणारी, पाटी भरून देणारी, पहाटे आईबरोबर लिलावाला जाणारी. विज्ञान शाखेत ती बहुधा घरातली पहिलीच. भौतिकशास्त्रात, रसायनात ती शहरातल्या मुलांच्या मागे पडतात, इंग्रजीत तर पडतातच. प्राणिशास्त्राचं प्रात्यक्षिक ही एकच जागा होती जिथे त्यांचे हात पुढे असायचे आणि बाकीचे त्यांच्याकडे बघून शिकायचे. ती जागा आपण काढून घेतलीत.

आता तक्रारी.

पहिली तक्रार संदिग्धतेची. बाजारातली, खाण्यासाठी विकली जाणारी मेलेली मासळी बंदीत येते की नाही, याचं सरळ उत्तर आपण कुठेही दिलेलं नाही. ‘अनुसरून’ हा शब्द लिहून आपण मोकळे झालात. परिणाम असा की एका महाविद्यालयात प्राचार्य कोळंबीची पिशवीसुद्धा फाटकाच्या आत येऊ देत नाहीत, आणि दहा मैलांवरच्या दुसऱ्या महाविद्यालयात कोणाच्या नकळत मासा कापला जातो, पण जर्नलमध्ये ‘छायाचित्रावरून’ असं लिहिलं जातं. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी केलेलं लपवायला आणि न केलेलं लिहायला शिकवणं कितपत बरं, याचा निर्णय मी आपल्यावर सोडते. शेजारीच, रत्नागिरीजवळ शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातली मुलं मासा उघडूनच त्याचा अभ्यास करतात. तो त्यांचा विषयच आहे. समुद्र तोच आणि बांगडाही तोच, मग आमच्या मुलांनी असा काय गुन्हा केला?

दुसरी तक्रार त्या संगणकीय प्रणालीची. आमच्याकडे जी आली आहे तिच्यात परदेशी बेडूक आहे, डुकराचं अर्भक आहे. पश्चिम किनाऱ्यावरचा एकही मासा नाही. माउसने त्वचा ओढली की ती नीट बाजूला होते, खाली प्रत्येक अवयव वेगळ्या रंगात आणि नाव चिकटवलेलं. प्रत्यक्षात सगळं एकाच करड्या-गुलाबी रंगाचं असतं, एकमेकांना चिकटलेलं असतं आणि प्रत्येक माशात थोडं वेगळं असतं. काय कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं हे स्वतः ठरवणं, चुकणं, पुन्हा बघणं, हेच तर शिकायचं असतं. प्रणाली वाईट आहे असं मी म्हणत नाही. माणसाचं हृदय, सशाचा मेंदू यांसाठी ती जरूर वापरावी. पण जुलैत इकडे वीज किती तास असते, हे आपल्यापैकी कोणी किनाऱ्यावर राहत असेल तर त्याला विचारा.

तिसरी तक्रार मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, म्हणून थोडी सविस्तर लिहिते.

बांगड्याचं तोंड उघडून आत बघा. कल्ल्यांच्या कमानींवर आतल्या बाजूला लांब, पिसासारखे दाते दिसतात, अगदी काही न कापताही. पाण्यातले सूक्ष्म जीव तो त्यांनी गाळून खातो. मग पोट उघडा. आतडं वेटोळं घातलेलं, अंगापेक्षा लांब निघतं. आता शेजारी सुरमईचं डोकं ठेवा. तिथे ते दाते अगदी मोजके आणि आखूड, पण जबड्यात धारदार दात. ती शिकार करते, तिचं आतडं त्या मानाने आखूड. दोन डोकी आणि दोन आतडी शेजारी शेजारी ठेवली की अन्न आणि शरीररचना यांचं नातं पाचव्या मिनिटाला मुलीच्या तोंडून बाहेर येतं. मला फळ्यावर काहीच लिहावं लागत नाही. छायाचित्रात हे दाखवता येतं, पण ते तिने शोधून काढलेलं नसतं.

म्हाकूल घ्या. शाईची पिशवी, रुंद जातीच्या म्हाकुलाच्या (कटलफिशच्या) पाठीतला तो पांढरा हलका कवचाचा तुकडा, ज्याला आपल्याकडे समुद्रफेन म्हणतात, आणि तीन हृदयं. तीन हृदयं ऐकून वर्ग हसतो आणि मग शोधायला लागतो. कोळंबीच्या पाठीतला काळा धागा प्रत्येक घरात काढून टाकतात. ते तिचं आतडं. आणि तिची मुख्य मज्जारज्जू पाठीत नाही, पोटाच्या बाजूला असते. पाठीचा कणा असलेल्या आणि नसलेल्या प्राण्यांतला हा मूलभूत फरक एका सोललेल्या कोळंबीवर समजतो. ढोम्याच्या डोक्यातले खडे काढून भिंगाखाली ठेवले की त्यांत वाढीची वलयं दिसतात, ज्यांवरून मत्स्यशास्त्रज्ञ माशाचं वय काढतात. घोळीच्या पोटातलं बोत काय भावाने जातं ते आमच्या मुलांना ठाऊक आहे. ते बोत म्हणजे माशाला पाण्यात तरंगतं ठेवणारी हवेची पिशवी, हे मात्र वर्गात कोणीतरी दाखवल्याशिवाय कळत नाही. बाजाराला जे पैशात कळतं ते विज्ञानात कळावं, यासाठीच तर आम्ही शिकवतो.

मोरीचा, म्हणजे लहान शार्कचा, उल्लेख मुद्दाम टाळला. रायगडात तिला मुशी म्हणतात. तिच्यावर आमच्या पिढीने खूप काही शिकून घेतलं, पण शार्क जातींची स्थिती आज नाजूक आहे. त्या मी यादीत मागणार नाही. कपाटात एक जुनी आहे, फॉर्मॅलिनच्या बरणीत, रंग उडालेली. तीच पुरे. आणि फॉर्मॅलिनचा विषय निघालाच आहे तर : फॉर्मॅल्डिहाइड माणसाला कर्करोगकारक आहे हे जागतिक पातळीवर मान्य झालेलं आहे. ताज्या मासळीला त्याची गरजच नसते. सकाळी आणली, बर्फात ठेवली, दुपारी काम झालं. विद्यार्थ्यांच्या आरोग्याच्या काळजीपोटी हे परिपत्रक निघालं असेल, तर ते उलट्या दिशेने निघालं आहे.

चौथी तक्रार किनाऱ्याची म्हणून आहे. राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, कारण पावसाळ्यात अनेक मासे अंडी घालतात. २०२३ साली राज्याने पन्नासहून अधिक जातींसाठी किमान आकारही ठरवून दिला, म्हणजे त्याहून लहान मासा पकडायचा नाही. दोन्ही नियमांवर प्रत्येक बंदरात भांडणं होतात. बंदी लवकर लागते की उशिरा, आकार कोणी ठरवला, एलईडीवाले (प्रखर दिव्यांनी मासे ओढून घेणारे) आणि पर्ससीनवाले (मोठ्या जाळ्याने अख्खा थवा वेढणारे) कसे सुटतात. या भांडणात विज्ञान कोणी बोलायचं? गाबोळी, म्हणजे माशाच्या पोटातली अंडी, कोणत्या महिन्यात किती भरलेली आहे, मासा पहिल्यांदा अंडी धरतो तेव्हा किती लांब असतो, हे पोट उघडून, वजन करून, नोंद ठेवूनच कळतं. आमचे विद्यार्थी वर्षभर आठवड्याला बाजारातून फेकलेली पोटं गोळा करून अशी नोंद ठेवू शकले असते. देवगड, मालवण, वेंगुर्ला, तिन्ही बंदरांची. हा प्रकल्प मी आपल्याकडे मंजुरीसाठी पाठवला होता. तो ‘विच्छेदनाचा समावेश असल्याने’ परत आला.

पाचवी तक्रार परीक्षेची, आणि ती थोडक्यात : छायाचित्रं ठरलेली, आकृत्या ठरलेल्या, गुण पाठांतराला. जर्नल एकाने काढायचं आणि बाकीच्यांनी उतरवायचं.

विरोधात काय म्हटलं जाईल तेही मी ऐकलेलं आहे. काही विद्यार्थ्यांना मेलेला प्राणी हाताळणं नको वाटतं, धर्मामुळे, आहारामुळे किंवा नुसतं मनाला नको म्हणून. त्यांचं म्हणणं पूर्ण मान्य. त्यांना प्रतिकृती आणि प्रणाली द्या, आणि एकही गुण कापू नका. जुन्या काळी ‘बेडूक नाही कापला तर नापास’ म्हणून मुलींना रडवणारे शिक्षक होते, तसं पुन्हा होता कामा नये. (श्रावणात आमच्याकडे उलटीच गंमत होते. घरी मासा शिजत नाही, पण प्रात्यक्षिकाला ट्रे समोर आला की सगळ्या पुढे. फक्त बाजारात जायचं काम कोणी स्वीकारत नाही.) दुसरा आक्षेप, महाविद्यालयाच्या खरेदीने मासळीवर ताण येईल. एका वर्गाला लागणारी डोकी आणि आतडी एका कापणारीच्या टोपलीत जमा होतात, तीही फुकट. तिसरा, घाण आणि वास. याला उत्तर म्हणजे हातमोजे, वाहतं पाणी आणि त्याच संध्याकाळी कचरा खड्ड्यात. एवढं तर आमच्या आया रोज करतात.

आता मागण्या. त्या मोजक्या आहेत.

एक, खाण्यासाठी विकली जाणारी मृत मासळी आणि तिचा टाकाऊ भाग विच्छेदनाच्या बंदीत येतो की नाही, हे आयोगाला लेखी विचारून आपण त्याचं उत्तर सर्व महाविद्यालयांना कळवावं. तोवर काढून टाकलेला भाग ऐच्छिक म्हणून तरी परत ठेवावा.

दोन, काय चालेल आणि काय नाही याची स्पष्ट यादी द्यावी. बांगडा, तारली, ढोमा, कोळंबी, म्हाकूल, तिसऱ्या चालतील. बेडूक, रानातून किंवा खाडीतून पकडलेला कोणताही प्राणी, जिवंत विकत घेतलेला प्राणी, शार्क आणि संरक्षित जाती चालणार नाहीत. नियम मोडणाऱ्या महाविद्यालयावर कारवाईचं कलम आपण घाला, मी स्वतः त्याला पाठिंबा देईन.

तीन, ज्याला हात लावायचा नाही त्याला पर्याय मिळावा आणि त्याची नोंद गुणपत्रिकेत कुठेही दिसू नये.

चार, मासळी बाजारात वर्षानुवर्षं मासे कापणाऱ्या बायकांना प्रात्यक्षिकासाठी मानधन देऊन बोलावण्याची तरतूद करावी. आयोगाने २०२२ साली ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ही सोय केली. त्यात पदवीपेक्षा अनुभवाला मान आहे आणि अनुभव मागितला आहे किमान १५ वर्षांचा. आमच्या बाजारात त्याच्या दुप्पट अनुभवाच्या बायका बसतात. ते पद त्यांना मिळणार नाही, हे मलाही कळतं, त्यासाठी वरच्या पातळीवरचं काम लागतं. पण तासाचं मानधन द्यायला काय हरकत आहे? घोळीचं बोत अखंड काढून दाखवणं मला जमत नाही, त्यांना जमतं.

पाच, किनाऱ्यावर वाहून आलेल्या मृत कासवांचं, डॉल्फिनचं शवविच्छेदन पशुवैद्यकीय अधिकारी करतात तेव्हा प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना निरीक्षक म्हणून उभं राहता यावं, यासाठी आपण वन विभागाशी बोलावं. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू किनाऱ्याला लागलं. लोकांनी ते परत समुद्रात नेण्याची पराकाष्ठा केली, ते वाचलं नाही. या किनाऱ्यावर प्राणिशास्त्र शिकणाऱ्या आमच्या मुलांनी ती सगळी घटना फोनवर पाहिली. मृत्यू कशाने होतो, पोटात काय निघतं, हे त्यांनी तरी वर्तमानपत्रातूनच का वाचायचं?

दुसऱ्या सत्राची प्रात्यक्षिकं सुरू होण्याआधी उत्तर मिळावं, ही विनंती. मंडळाच्या बैठकीत बोलावलंत तर मी स्वखर्चाने येईन, सोबत किनाऱ्यावरच्या इतर महाविद्यालयांतले शिक्षकही येतील. उत्तर नकाराचं असलं तरी चालेल, पण ते लेखी असावं आणि त्याखाली कारण असावं. ‘अनुसरून’ एवढ्यावर भागणार नाही. ते कागद मी विभागाच्या फलकावर लावणार आहे, कारण प्रात्यक्षिकाच्या तासाला मुलं मला विचारतात आणि माझ्याकडे त्यांना दाखवायला काही नाही.

आपली विश्वासू,
प्राणिशास्त्राची एक प्राध्यापिका
सिंधुदुर्ग